तिसरा टेक

अनू, तिसरा टेक मी पाठवला नव्हता. दुसरा पाठवला होता.

हे वाक्य अकरा वर्षं माझ्याजवळ तयार होतं. तुला विमानतळावर सोडताना ते तोंडात यायचं आणि टर्मिनल आलं की मी गिळायचो. आता तू नाहीस, आणि तेच वाक्य पहिल्या ओळीत किती सहज लिहून झालं, याचीच लाज वाटते.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं संपादक म्हणाले. जन्म, शाळा, पहिली भूमिका, गाजलेली मालिका आणि शेवटी एक हसरा फोटो. "तुम्ही सख्खे चुलतभाऊ, तुम्हाला तिचं सगळंच माहीत असणार." ती माहिती इंटरनेटवर आहे. तुझी उंचीसुद्धा आहे, तू दीड इंच वाढवून सांगितलेली. मला जे माहीत आहे ते तिथे नाही.

इथे वाचणाऱ्या काकू-मावश्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. नटनटीची ऑडिशन हल्ली बहुतेक वेळा घरीच होते. भिंतीवर निळी चादर ताणायची, समोर स्टँडवर फोन लावायचा, आणि फोनच्या शेजारी खुर्चीत एक माणूस बसवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं तो वाचतो. त्याला रीडर म्हणतात. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. शेवटची पंधरा वर्षं तुझा रीडर मी होतो. तू अटलांटात राहायचीस, पण टेप करायला जवळच्या अल्फारेटाला आमच्या बेसमेंटमध्येच यायचीस. गालिच्यामुळे आवाज घुमत नाही म्हणायचीस. मला वाटतं, गालिचा निमित्त होता आणि तुझ्या वहिनीच्या, मीनलच्या हातची आमटी कारण.

त्या खुर्चीत मी तुझा नवरा झालो, वकील झालो, खुनी झालो, एकदा तर तुझी गरोदर बहीण झालो. सगळं एकाच आवाजात.

"दादा, यू साउंड लाइक अ बँक."

"म्हणजे?"

"म्हणजे, युअर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस. माझा नवरा मला सोडून चाललाय यार, थोडा तरी त्रास होऊ दे त्याला."

"मी डेटाबेसवाला माणूस आहे. भावना लेखी दे."

"लेखीच आहेत. वाच ना नीट."

पहिली काही वर्षं तुझ्या हातात कायम फाइल असायची. नर्स, लॅबमधली बाई, हॉटेलच्या काउंटरवरची बाई. तू म्हणायचीस, माझ्या चेहऱ्यापेक्षा माझा हात जास्त प्रसिद्ध आहे. मग तू मरायला लागलीस. गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये पहिल्या पाच मिनिटांत मरणारी बाई. शूटिंग आटपलं की तुझा फोन यायचा. "दादा, आज मी गेले. दुपारी दोनला, पोटात गोळी. जेवायला येऊ का?" काकू, म्हणजे तुझी आई, होत्या तोवर त्यांना हे अजिबात खपायचं नाही. "असं अभद्र बोलू नये गं," म्हणायच्या, आणि तुझा तो भाग लागला की चॅनेल बदलायच्या.

म्हणून त्या मंगळवारी जे घडलं ते घडलं. मी मीटिंगमधून बाहेर आलो आणि काकांचा फोन वाजला. म्हणाले, "अनू गेली."

मी विचारलं, "कुठल्या मालिकेत?"

 काका म्हणाले, "खरंच रे."

मेंदूतली एक रक्तवाहिनी. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, दुपारी. बेचाळीस वर्षांची होतीस.

त्यानंतर तू मला सोडलेलं नाहीस. परवा दाताच्या डॉक्टरकडे बसलो होतो, भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता, आणि तू पांढऱ्या कोटात कुणाला तरी औषधं समजावून सांगत होतीस. शेजारचे आजोबा मोबाइलमधून मान वर काढून तुझ्याकडे बघत होते. मला सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण. सांगितलं असतं तर पुढे क्रियापद कोणतं लावायचं ते कळेना.

आणि टेप. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तुझे शेकडो टेप आहेत. मी ते उघडतो. मी प्रश्न विचारतो, तू उत्तर देतेस. मी पान उलटेपर्यंत तू पापणी न हलवता थांबतेस. माझं वाक्य संपल्याशिवाय तू पुढे जात नाहीस. जिवंतपणी कुणी माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक ऐकलेलं नाही.

त्यातला एक मात्र मी उघडत नव्हतो.

त्याची गोष्ट रविवारपासून सुरू होते. मी नागपूरहून व्हिसावर अमेरिकेत आलो आणि लग्न होईपर्यंत तुमच्या घरी राहिलो, तेव्हाची. तू वीस वर्षांची होतीस. मेडिकलची तयारी अर्ध्यावर टाकून तू कॅलिफोर्नियाला अभिनय शिकायला गेलीस. काकांनी आरडाओरडा केला नाही. फक्त तुझ्याशी फोनवर बोलणं बंद केलं. दर रविवारी सकाळी अकराला तुझा फोन यायचा. काकू उचलायच्या, तू बाबांना दे म्हणायचीस, आणि काकू म्हणायच्या, "ते अंघोळीला गेलेत गं."

काका समोरच्या सोफ्यावर असायचे. अंघोळ करून, भांग पाडून, पेपर वाचत. मी टेबलाशी पोहे खात असायचो. एकदा तू मला फोन द्यायला सांगितलंस.

"दादा, खरंच अंघोळीला गेलेत का?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"हो गं," मी म्हणालो. "आत्ताच गेले."

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी काकांनी स्वतः फोन घेतला आणि गाडीचं ऑइल बदललंस का, असं विचारलं. तू हो म्हणालीस. मिटलं. त्या दोन वर्षांबद्दल पुढे घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आपल्या घरात कुणी माफी मागत नाही, डाळिंब सोलून देतं. काकूंनी त्या दिवशी वाटीभर दाणे काढले आणि तू तीन हजार किलोमीटरवर असल्यामुळे ते मी खाल्ले.

पुढे तू अटलांटाला परत आलीस. एकतीस वर्षांची झालीस तेव्हा एका चित्रपटाची ऑडिशन आली. मुख्य भूमिका. हातात फाइल नाही, पाचव्या मिनिटाला मरण नाही. बरीच वर्षं घरापासून लांब राहिलेली मुलगी आजारी बापाला भेटायला येते. पहिली फेरी तू पार केली होतीस. हा दुसरा टेप दिग्दर्शिका स्वतः बघणार होती. तू बेसमेंटमध्ये आलीस तेव्हा तुझे हात गार होते. मीनलने दिलेला चहा तू नुसता धरून बसलीस.

पहिला टेक ठीक झाला. दुसरा नीटनेटका, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, झालं. तू म्हणालीस, "वन मोअर."

प्रसंगाचं शेवटचं वाक्य बापाचं होतं, म्हणजे माझं. "यू शुड हॅव कॉल्ड." त्यावर मुलीने मान खाली घालायची आणि संपलं. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य वाचलं, नेहमीसारखं, बँकेसारखं. तू मान खाली घातली नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि मराठीत म्हणालीस, "केला होता ना, बाबा. दर रविवारी." मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "झाली का तुमची अंघोळ?"

आणि तू उत्तराची वाट बघत राहिलीस.

मी पान उलटलं. मागे काही नव्हतं. तू वाट बघत होतीस. मग तू थोडीशी हसलीस, आणि त्यानंतर तुझ्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येत नाही. त्या चेहऱ्यात वीस वर्षांची अनू होती, दुसऱ्या टोकाला फोन धरून उभी राहिलेली. ती मी तोवर पाहिलीच नव्हती. मी फक्त ऐकली होती, तोंडात पोहे धरून.

तू पुढे येऊन रेकॉर्डिंग बंद केलंस. तोंड पुसलंस. तुला दुसऱ्या शूटिंगसाठी विमान गाठायचं होतं, म्हणून टेप कापून पाचच्या आत पाठवायचं काम माझ्यावर आलं. "टेक थ्री, दादा. फक्त थ्री. ओके?" बॅग ओढत तू जिना उलट्या पावलांनी चढलीस, माझ्याकडे बघत, तीन बोटं वर धरून.

मी दुसरा पाठवला.

स्वतःला तेव्हा सांगितलं की मराठी त्यांना कळणार नाही. लिहिलेल्याच्या बाहेर गेलेलं चालत नाही. पोरगी भावनेच्या भरात आहे, मी मोठा आहे, मला थंड डोक्याने दिसतंय. आपल्यातल्या मोठ्या भावांना हा रोगच असतो, धाकट्याचं भलं त्याला न विचारता ठरवण्याचा. शिवाय उद्या चित्रपट आला, तुला ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं, काकांनी मंडळाच्या लोकांबरोबर बसून तो बघितला, तर? घरातलं घरात राहावं.

ही सगळी कारणं मी अकरा वर्षं काकांच्या नावावर चालवली. खरं कारण वेगळं आहे. तो टेक बघताना मला माझाच आवाज ऐकू आला होता. "आत्ताच गेले."

भूमिका दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी तुझ्या अपार्टमेंटवर डाळिंबाचे दाणे घेऊन आलो, चांगला मोठा डबा भरून. तू झाकण उघडलंस आणि माझ्याकडे संशयाने बघितलंस.

"दादा, काय केलंस?"

"कुठे काय?"

"आपल्या घरात कुणी डाळिंब सोललं की मला भीती वाटते. हू डिड व्हॉट?"

"दुकानात चांगली आली होती."

तू हसलीस. आपण जमिनीवर बसून तो डबा संपवला. तू म्हणालीस की या घरातले लोक सॉरी म्हणायला शिकले नाहीत, आणि जे शिकले ते मागे लगेच 'पण' जोडतात. "सॉरी, पण. हे सॉरी नसतं, दादा. ती कोर्टाची तारीख असते." मग बोटांचा लाल रंग पुसत तू म्हणालीस, "सगळं दिलं होतं रे मी त्यात. माझ्याकडे होतं ते सगळं. आणि त्यांना ते नको होतं."

मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."

हे वाक्य मी खरंच म्हटलं. त्या वेळी तू गाल पुसलास ते बोट, गालावर त्याचा उमटलेला लाल डाग, रिकामा डबा, सगळं मला अजून दिसतं.

त्यानंतर तुझं चांगलं चाललं, हे लोक म्हणतात ते खोटं नाही. त्या गाजलेल्या मालिकेतली औषध दुकानातली बाई तू चार वर्षं केलीस. लोक तुला भाजी घेताना ओळखायला लागले. काका तुझ्या मालिकेची वेळ सांगत मंडळात फिरायचे. तू कधी चुकली नाहीस, कधी उशीर केला नाहीस, कधी एकही वाक्य विसरली नाहीस. पण मी रीडर होतो. तू कुठे थांबतेस ते मला माहीत होतं. आधी तू कड्याच्या टोकापर्यंत जायचीस. आता दोन पावलं आधीच थांबायचीस, इतक्या सफाईने की ते कुणाला कळू नये.

एकदा गाडीत मी तसं बोलून बसलो. "हल्ली तू जपून करतेस."

तू खिडकीबाहेर बघत होतीस. "जपून केलं की काम मिळतं. तुला माहितीये. यू वेअर देअर."

"अगं, तो टेप..."

"कुठला?"

टर्मिनल आलं होतं. "काही नाही," मी म्हटलं, आणि तुझी बॅग काढून दिली. हा वाद तसाच राहिला. तू तीन दिवस फोन केला नाहीस आणि चौथ्या दिवशी नवऱ्याची वाक्यं वाचून घ्यायला आलीस.

मागच्या उन्हाळ्यात मंडळाने मुलांसाठी तुझी कार्यशाळा ठेवली होती. मी शेवटच्या रांगेत होतो. एका मुलीने विचारलं, रडायचं कसं. तू म्हणालीस, शिंक येतेय आणि ती दाबायची आहे असा विचार कर. सगळी मुलं शिंका दाबायला लागली. हशा ओसरल्यावर तू म्हणालीस, "आणि घरचं आणू नका. आय डिड इट वन्स. इट वॉज द बेस्ट थिंग आय एव्हर डिड, अँड दे डिडन्ट वॉन्ट इट. दादा होता तिथे. आस्क हिम."

वीस मुलं मागे वळली. तूही बघत होतीस, साक्षीदाराकडे बघावं तशी, विश्वासाने.

मी मान डोलावली.

अनू, मी किती वेळा हिशोबाने स्वतःला सांगितलं असेल की तिसरा टेक बघूनही त्यांनी तुला नाकारलं असतं. असतंही कदाचित. पण मग तो नकार तुझा झाला असता. तो तू पचवला असतास, कारण नकार पचवणं हा तुझा रोजचा धंदा होता. मी तुला असा नकार दिला जो कुणी दिलाच नव्हता, आणि तू त्याच्या भोवती उरलेलं आयुष्य रचलंस, आणि तेच मुलांना शिकवलंस.

गेल्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात डाळिंब फोडायला घेतलं. काकांकडे जायचं होतं. अर्धं सोलून झाल्यावर मी काय करतोय ते मला कळलं. ते तसंच ओट्यावर टाकलं, हात धुतले, आणि लॅपटॉप घेऊन निघालो.

काका सोफ्यावर होते. अंघोळ झालेली, भांग पाडलेला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस मुलगी गेल्यावरही भांग पाडतो हे बघून मला दारातच थांबावंसं वाटलं.

"काका, माझ्याकडे अनूचा एक टेप आहे. त्यात तुम्ही आहात. मी तो लपवून ठेवला होता."

"काऊन?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"तिला?"

मी सगळं सांगितलं. दुसरा टेक, तिसरा टेक, डाळिंब, कार्यशाळा. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर कानातलं यंत्र काढून पुसलं, परत बसवलं आणि म्हणाले, "लाव."

निळी चादर आली. तू आलीस, अकरा वर्षांपूर्वीची, केस बांधलेले. माझा आवाज आला आणि तुझा आला. काका किंचित पुढे झुकले. "यू शुड हॅव कॉल्ड," मी त्यातून म्हणालो, आणि तू मान वर ठेवलीस.

"केला होता ना, बाबा. दर रविवारी. झाली का तुमची अंघोळ?"

टेपमध्ये मी पान उलटल्याचा आवाज आहे. त्यानंतर नुसती शांतता. तू थांबली होतीस, थांबलीच होतीस.

"झाली गं," काका म्हणाले. "केव्हाच झाली होती."

आणि पडद्यावर तू थोडीशी हसलीस.

ते हसू तिथे आधीपासूनच होतं, हे मला माहीत आहे. मी ते समोर बसून पाहिलं होतं. तरी मी वळून काकांकडे बघितलं. काका रडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि तुझा तळवा जवळ येऊन भिंगावर पडेपर्यंत, पडदा काळा होईपर्यंत, तो तसाच हवेत धरून ठेवला. मग म्हणाले, "मी माझं सांगितलं तिला. तुझं तू सांग."

मी टेप पुन्हा सुरुवातीला नेला आणि तू फ्रेममध्ये येऊन उभी राहिलीस तिथे थांबवला. खुर्ची लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ओढली. माझी जागा तीच होती, तुझी नजर तिथेच होती. हातात कागद नव्हता. काकांच्या समोर, मला जमेल तेवढ्या माझ्या आवाजात मी म्हणालो:

"अनू, तू तिसरा म्हणाली होतीस. मी दुसरा पाठवला. तिसरा त्यांनी कधी बघितलाच नाही. तो त्यांना नको होता असं झालंच नाही. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तूच केलंस आणि ते मी दाबून ठेवलं. आणि रविवारी फोनवर खोटं बोललो, तोही मीच. मी चुकलो. मला माफ कर."